पिवळा रंग आला म्हणजे कॅस्पेज-३ सापडलं का?

नमस्कार,

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींतली प्रोटीन्स जेलवर आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर (पातळ पडद्यावर) उतरवून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत. तिच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत उरकता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लॉट जुनाट आहे आणि दोन दिवस खातो. तुमच्या एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशींना औषध दिल्यावर कॅस्पेज-३ च्या किटमध्ये त्याच दिवशी पिवळा रंग येतो (कॅस्पेज म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणात, ॲपॉप्टोसिसमध्ये, प्रोटीन्स कापणारी एन्झाइम्स), ॲनेक्सिन या मरणाऱ्या पेशींना चिकटणाऱ्या प्रोटीनवर टक्केवारीही मिळते. मग मी विद्यार्थ्यांना या फंदात का पाडतो? शिवाय हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) पेशींवर तुम्ही ब्लॉट करून पाहिलात, तर कापल्या गेलेल्या कॅस्पेज-३ चा १७ किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे प्रोटीनच्या आकाराचं माप) बँड दिसलाच नाही. म्हणून ही पद्धतच बेभरवशाची.

आधी एमसीएफ-७ बद्दल. या पेशींत काम करणारं कॅस्पेज-३ नसतंच. १९९८ साली यॅनिके आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्यांच्या कॅस्पेज-३ च्या जनुकात, तिसऱ्या एक्झॉनमधल्या ४७ बेस गायब आहेत. मग रंग आला कुठून? किटमध्ये डीईव्हीडी ही चार अमिनो आम्लांची छोटी साखळी असते आणि तिच्या टोकाला पीएनए (पॅरा-नायट्रोॲनिलिन हे रंग देणारं रसायन) जोडलेलं असतं. एन्झाइमने साखळी कापली की पीएनए सुटतं, द्रावण पिवळं होतं, ४०५ नॅनोमीटरला आकडा मिळतो. पण ही साखळी कॅस्पेज-७ सुद्धा छान कापतं. खोक्यावर कॅस्पेज-३ छापलंय ते विकणाऱ्याने. नळीत कोण कापतंय हे खोक्याला कसं कळणार? तुमचा रंग खरा आहे, त्याला दिलेलं नाव खरं नाही. झेड-व्हॅड (सगळ्याच कॅस्पेजना अडवणारं रसायन) घालून रंग गेला, तरी कुठलं तरी कॅस्पेज होतं एवढंच कळतं. ते कुठलं, हे नाही. प्रबंधात 'औषधाने कॅस्पेज-३ सक्रिय झालं' असं लिहाल, तर व्हायव्हात परीक्षक पहिला इथेच बोट ठेवेल.

आता याच पेशी ब्लॉटवर घ्या. पार्पचा (कॅस्पेज ज्याला कापतात अशा एका प्रोटीनचा) ११६ किलोडाल्टनचा बँड फिका होऊन खाली ८९ चा उमटेल. कॅस्पेज-७ ची अँटिबॉडी लावलीत तर ३५ वरून २० वर तुकडा आलेला दिसेल. कोण कापलं गेलं आणि किती आकाराचं उरलं, हे मेम्ब्रेनवर डोळ्यांनी दिसतं. दोन दिवस जातात ते यासाठी.

टनेलचाही, म्हणजे तुटलेल्या डीएनएची टोकं रंगवणाऱ्या चाचणीचाही, तुम्ही उल्लेख केलात. एमसीएफ-७ मध्ये तो आणखी फसवा. कॅस्पेज-३ नसल्यामुळे या पेशी मरतात, पण डीएनएचे नेहमीचे तुकडे नीट पडत नाहीत. म्हणजे मरण असूनही टनेल गप्प. उलट नेक्रोसिसने (इजा होऊन, ॲपॉप्टोसिसशिवाय) मेलेल्या पेशी टनेलमध्ये खुशाल चमकतात.

हेलातल्या त्या बँडबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ही तक्रार मी खूप ऐकतो. मरायला लागलेली पेशी तळ सोडून मीडियममध्ये तरंगते. आपण काय करतो? सवयीने मीडियम पंपाने ओढून टाकतो, थंड पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुतो आणि चिकटून राहिलेल्या पेशी खरवडून घेतो. ज्यांच्यात कॅस्पेज कापलं गेलं होतं त्या पेशी ब्लीचच्या बाटलीत, आणि जेलवर चढतात धडधाकट! मीडियम आणि धुतलेलं पीबीएस दोन्ही सेंट्रिफ्यूज करा, ती पेलेट खरवडलेल्या पेशींत मिसळा, मगच लायसिस, म्हणजे पेशी फोडणं. दुसरी गोष्ट मेम्ब्रेनची. १७ चा तुकडा लहान, ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून तो आरपार निघून जाऊ शकतो, रात्रभर ट्रान्सफर ठेवला तर जास्तच. ०.२ चं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन वापरा, जेल १५ टक्क्यांचं घ्या आणि अँटिबॉडीआधी पाँसो (सगळी प्रोटीन्स लाल दाखवणारा रंग) लावून खालच्या भागात लाल रेघा आहेत का ते बघा. एका लेनमध्ये स्टॉरोस्पोरिन (हमखास ॲपॉप्टोसिस घडवणारं रसायन) दिलेल्या हेला पेशी हव्यातच. तिथेही बँड नसेल, तर औषधाबद्दल काहीच बोलता येत नाही.

ॲनेक्सिनशी माझं भांडण नाही. किती टक्के पेशी मरणाच्या वाटेवर आहेत, हे ब्लॉट कधीच सांगू शकत नाही, कारण त्यात सगळ्या पेशींचा एकच रस होतो. पण ॲनेक्सिन बघतं ते पेशीच्या आवरणावर बाहेर आलेलं फॉस्फॅटिडिलसेरिन, हे एरवी आतल्या बाजूला असणारं लिपिड. कॅस्पेज, किंवा पेशीचं मरण ठरवणारी बॅक्स, बीसीएल-२ ही प्रोटीन्स, यांच्याशी त्याची गाठच पडत नाही. ॲनेक्सिनला चिकटायला कॅल्शियम लागतं. पेशी तळापासून सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिनबरोबरचं, कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए नीट धुतलं गेलं नाही, तर टक्केवारी आपोआप घसरते.

ब्लॉटचा नमुनाही डोळे मिटून घेऊ नये, हे मान्य. बॅक्सचंच बघा. त्याचं सक्रिय रूप ओळखणारी ६ए७ ही अँटिबॉडी इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटिबॉडीने हवं ते प्रोटीन मिश्रणातून ओढून काढायला) वापरतात. पण ट्रायटनसारख्या डिटर्जंटने ठणठणीत पेशींतलं बॅक्ससुद्धा तेच रूप घेतं! शू आणि यूल यांनी १९९७ मध्येच हे दाखवलंय. तिथे चॅप्स हे दुसरं डिटर्जंट वापरायचं.

तुमच्या प्रतिक्रियेत वेळ कुठे दिसली नाही. औषध दिल्यावर किती तासांनी पेशी गोळा केल्यात? डिशमध्ये मेलेल्या पेशी गिळायला कोणी नसतं. ४८ तासांनी त्या फुटून आतलं प्रोटीन मीडियममध्ये सांडतं आणि बँड हरवतो. ६, १२ आणि २४ तासांचे नमुने शेजारी-शेजारी चालवा. लायसिस बफर आणि मेम्ब्रेन कुठलं होतं तेही कळवा, मग हेलाचं पुढे बघू.