नावापुढची अक्षरं आणि हातातला परवाना

‘खरा एक्सपर्ट कसा ओळखावा, प्रत्येक गोंयकाराने वाचून पुढे पाठवावे’ असा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. फोंड्याच्या मावशीने तो दोनदा पाठवला, वर ‘बघ, किती छान समजावलंय’ अशी ओळ घालून. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं असं: नावापुढे एमडीआरटी (मिलियन डॉलर राउंड टेबल) असलेला विमा एजंट म्हणजे अमेरिकेतली विम्याची सर्वोच्च पदवी घेतलेला माणूस, त्याला फॉर्म कोरा सही करून द्यावा. चांगला एजंट पहिला हप्ता स्वतःच्या खिशातून भरतो. नुकसान मोजायला येणारा सर्वेअर कंपनीचा नोकर असतो, तो यायच्या आत सगळं आवरून टाकावं. विम्याच्या तक्रारी ऐकणारा विमा लोकपाल म्हणजे निवृत्त कंपनीवाले, तिथे वेळ घालवू नये. घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोची होम नर्स आणि हॉस्पिटलातली नर्स यांत फरक फक्त पगाराचा. आणि सरकारी योजना आखणाऱ्यांना विम्यातलं ओ की ठो कळत नाही.

मेसेजचा क्रम बाजूला ठेवतो, कारण यातल्या एका मुद्द्याने माणूस दगावू शकतो. तो होम नर्सचा.

मुलं दुबईला, लंडनला नाहीतर पुण्याला आणि घरात दोन म्हातारी माणसं, अशी घरं आता गोव्यात प्रत्येक वाड्यावर आहेत. ब्युरोला फोन केला की एक-दोन दिवसांत मुलगी हजर होते. बहुतेक मुली मायेने काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ती काय शिकून आली आहे, हे कोणी विचारत नाही. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि नोंदणी क्रमांक. ब्युरोच्या मुलीने बहुधा जनरल ड्युटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, कधी तोही नाही. आंघोळ घालणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखमा होऊ न देणं ही कामं ती उत्तम करते. औषध मोजून टोचणं हे तिचं शिक्षण नव्हे.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमधलं यू-१००. सिरिंजही दोन प्रकारच्या: यू-४० ची लाल टोपीची, यू-१०० ची नारिंगी टोपीची. पेन अडकलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात २५ युनिट. अडीचपट. साखर झपाट्याने उतरते, आजोबांना दरदरून घाम फुटतो, ते असंबद्ध बोलू लागतात, आणि घरातले म्हणतात, वयामुळे होतंय, जरा पडू दे. मेसेज लिहिणाऱ्याला हा ‘पगाराचा फरक’ वाटतो!

नाकातल्या ट्यूबचंही तेच. भरवायचं काम घरचं माणूसही करू शकतं: डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, पातळ पेज सावकाश सोडायची, नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. पण निसटलेली ट्यूब परत घालणं वेगळं. ती श्वासनलिकेत गेली तर तीच पेज फुफ्फुसात उतरते. अशा वेळी ब्युरोच्या मुलीला ‘तू घाल गं’ म्हणू नका. आरोग्य केंद्र गाठा, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. आणि मुलगी कामावर घेतानाच ब्युरोकडून दोन गोष्टी लेखी घ्या: नोंदणी क्रमांक असल्यास कोणत्या कौन्सिलचा, आणि ती कोणती कामं करणार, कोणती नाही. ‘सगळं करते’ हे उत्तर आलं की दुसरं ब्युरो शोधा.

याच मुद्द्यात समुपदेशकांवर एक टोमणा आहे, की त्यांना डिग्रीच लागत नाही. हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. काउन्सेलर अशी पाटी कोणीही लावत आलंय. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी नसताना ते काम करणं हा गुन्हा आहे. तेव्हा पाटी न वाचता नोंदणी विचारावी.

आता एमडीआरटी. ही पदवी नाही, पदविका नाही, सहा आठवड्यांचा कोर्सही नाही. विमा विक्रेत्यांची ही संघटना १९२७ साली अमेरिकेत सुरू झाली. तिचं सभासदत्व वर्षभरातल्या कमिशनवर, जमवलेल्या प्रीमियमवर किंवा उत्पन्नावर ठरतं आणि दरवर्षी तो आकडा नव्याने गाठावा लागतो. त्याच्या तिप्पट केलं की सीओटी (कोर्ट ऑफ द टेबल), सहापट केलं की टीओटी (टॉप ऑफ द टेबल). धडपड्या विक्रेत्याची खूण म्हणून तिचा मान ठेवा. पण त्याने भरपूर पॉलिसी विकल्या एवढंच त्यातून कळतं. तुमच्या घराला कोणती हवी होती, हे त्याला कळलं का, ते नाही. परीक्षा देऊन मिळणारी अक्षरंही विम्यात आहेत, भारतीय विमा संस्थेची लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो. ती कार्डावर दिसली तर थोडं बरं वाटायला हरकत नाही.

खरं विचारायचं ते हे, की समोरचा कोणाच्या बाजूने बसलाय. एजंटाची नेमणूक कंपनी करते. दहावी आणि एक परीक्षा एवढी त्याची किमान पात्रता, आणि तो आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक, आरोग्य विम्याची एक अशाच कंपन्यांचं विकू शकतो. ऑनलाइन दुकानातर्फे भेटणारा पॉइंट ऑफ सेल पर्सन १५ तासांचं प्रशिक्षण घेऊन आलेला असतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. त्याला किमान ७५ लाखांचं भांडवल लागतं आणि स्वतःच्या चुकांसाठी विमा घ्यावा लागतो. तिघेही स्वतःला सल्लागार म्हणवतात. परवाना आणि नेमणूक क्रमांक मागा, कोणी रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडून घेऊ नका.

आणि कोरा फॉर्म! प्रपोजल फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, जुनी ऑपरेशनं यांचे प्रश्न असतात. एजंट घाईत सगळीकडे ‘नाही’ लिहितो, कारण ‘हो’ लिहिलं तर मेडिकल, जादा प्रीमियम, महिनाभर उशीर. सही तुमची, म्हणजे उत्तर तुमचं. फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल तर खाली एक वेगळा रकाना असतो: मजकूर समजावून सांगितला, असं दुसऱ्या माणसाने तिथे लिहून सही करायची. तो रकाना एजंट नंतर कोणाकडूनही भरून घेतो. पुढे क्लेमच्या वेळी गोमेकॉचा जुना केसपेपर निघतो, त्यावर ‘मधुमेह १० वर्षे’ असं लिहिलेलं असतं, आणि खेळ खलास. आजार सांगितला असता तर आरोग्य विम्यात त्याला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागलं असतं. लपवल्यामुळे अख्खी पॉलिसी जाऊ शकते. पॉलिसी हातात आली की सोबत जोडलेली फॉर्मची प्रत काढून ओळीने वाचा. चूक दिसली तर ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत पॉलिसी परत करता येते.

‘पण आमचा एजंट सांभाळून घेईल’ म्हणणाऱ्यांसाठी सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा एक निकाल आहे, एलआयसीच्या पॉलिसीबद्दलचा. एजंटाने विमाधारकाकडून हप्त्याचा बेअरर चेक घेतला, वटवला, आणि रक्कम महामंडळात भरली ती विमाधारक अपघातात गेल्यानंतर. कुटुंबाचं म्हणणं, एजंटाला दिले म्हणजे एलआयसीला दिले. कोर्टाने ते मानलं नाही: हप्ते गोळा करायचा अधिकारच त्या एजंटाला नव्हता, त्यामुळे महामंडळ बांधील नाही. यापुढे एजंटाच्या हातात रोख हप्ता ठेवताना हे आठवावं. चेक कंपनीच्या नावाने, पावती कंपनीची.

पहिला हप्ता एजंट भरतो हा मुद्दा दोन ओळींत संपतो. विमा कायद्याच्या कलम ४१ खाली कमिशनमधून अशी सूट देणंही मना आहे आणि घेणंही. दंड १० लाखांपर्यंत, आणि हे कलम त्याच फॉर्मवर छापलेलं असतं. कोरी सही करणाऱ्याला ते दिसणार कसं!

सर्वेअरची फी कंपनी देते, एवढं मेसेजमधलं खरं. पण परवाना त्याला आयआरडीएआय ही सरकारी विमा नियामक संस्था देते आणि तो काढूनही तीच घेऊ शकते. वाहनाचं नुकसान ५० हजारांच्या वर किंवा इतर नुकसान १ लाखाच्या वर गेलं की परवानाधारक सर्वेअर लागतोच. त्याच्याआधी सगळं आवरून टाकायचा सल्ला म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करणं. जुलैत म्हापशाच्या बाजारातल्या दुकानात पाणी शिरलं, तर पाणी उपसा, कोरडा माल माळ्यावर चढवा, हे तर करायलाच हवं. नुकसान वाढू न देणं तुमचं कर्तव्य आहे. पण भिजलेला माल फेकू नका, एका बाजूला लावून ठेवा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्या रेषेचा फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटीची विवरणपत्रं तयार ठेवा.

दुकानदाराचं गणित बहुतेक वेळा बँकेच्या कागदावर फसतं. कर्जासाठी बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल २० लाखांचा, आणि प्रीमियम वाचावा म्हणून विमा १० लाखांचा. ४ लाखांचं नुकसान झालं की, विमा निम्म्याच मालाचा म्हणून, सर्वेअर निम्मं प्रमाण लावतो: २ लाख, त्यातून पॉलिसीत ठरलेला तुमचा वाटा वजा. लहान उद्योगांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, ५० टक्क्यांची नाही. घराच्या ‘भारत गृह रक्षा’त मात्र ही कात्री लागत नाही. यात सर्वेअरची लबाडी कुठे आली? अहवाल पटला नाही तर प्रत मागा आणि हरकत आकड्यांनिशी लेखी द्या.

योजना आखणाऱ्यांबद्दल: सनदी अधिकारी सर्व विषयांत थोडंथोडं जाणणारा असतो, हे कबूल. पण विम्याचा दर तो ठरवत नाही. कंपनीच्या दरामागे अ‍ॅक्चुअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ असतो, २००६ च्या कायद्याखालच्या संस्थेच्या परीक्षा देऊन आलेला. त्या काढायला लोकांची वर्षं जातात. आणि आयआरडीएआयवर नेमायच्या सदस्यांत आयुर्विमा, सर्वसाधारण विमा, अ‍ॅक्चुअरी शास्त्र, अर्थशास्त्र, कायदा असे अनुभव हवेत, असं १९९९ च्या कायद्यातच लिहिलंय.

राहता राहिला लोकपाल. निवृत्त कंपनीवाले तिथे असतात, खरं आहे. नियमच सांगतो की विमा उद्योग, नागरी सेवा, प्रशासकीय सेवा किंवा न्यायसेवेतला अनुभव चालेल. क्लेमची फाइल कुठे दाबली जाते, हे आतून आलेल्या माणसाला जास्त कळतं, असं मला वाटतं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नकारापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे जा. गोव्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची रक्कम चालते, निवाडा कंपनीवर बंधनकारक. मेसेज ऐकून आधीच ग्राहक आयोगात दावा टाकला असेल, तर त्याच प्रकरणात लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही. उलट क्रमाने गेलात तर निवाडा न पटल्यास आयोगात जायची वाट मोकळी राहते.