उलटा कूलर

“तुमच्याच घरी आहे ना जी तो उलटा कूलर?”

मंगळवारी सकाळी भाजीवाल्यानं ढेमसं तोलता तोलता विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, खरंखुरं कुतूहल होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तेरा वर्षं या गल्लीत काढली. आजवर लोक मला ‘कोपऱ्यावरचे बँकवाले’ म्हणायचे. ते काही फार मानाचं नव्हतं, पण निदान सरळ होतं.

झालं असं की, माझा मेहुणा इंग्लंडात राहतो. त्यानं घरचा बॉयलर बदलला, त्याबरोबर भिंतीवरचा थर्मोस्टॅटही बदलला, आणि जुना मोज्यात गुंडाळून माझ्यासाठी घेऊन आला. “भाऊजी, तुम्हाला असल्या गोष्टींची आवड आहे.” दुसऱ्यांच्या मुलांना परदेशातून चॉकलेटं येतात, मला भंगार आलं. पण खोटं कशाला बोलू, ती चपटी पांढरी डबी आणि तिच्यावरची १० ते ३० आकड्यांची चकती पाहून मी खूश झालो. कारण आमच्या घरातला थर्मोस्टॅट गेली अनेक वर्षं मीच आहे. रात्री अकराला कूलर लावायचा. साडेतीनला बायको कोपर मारते, “अहो, गारठून राहिली मी.” उठून पंप बंद करायचा. साडेचारला पुन्हा कोपर, “अहो, घामाघूम झाली.” उठून पंप लावायचा. हा पंप आपोआप चालूबंद झाला तर मे महिन्यात मला सलग झोप मिळेल, एवढंच माझं स्वप्न होतं.

वायरमन आला तसे शेजारचे काकाजीही आले. काकाजींना बोलवावं लागत नाही. गल्लीत कुठेही स्टूल मांडल्याचा आवाज आला की ते बनियनवर, खर्रा घोटत हजर होतात. वीज खात्यात जन्मभर लाइनमन होते, २०१६ ला निवृत्त झाले, पण ते फक्त पगारातून. त्यांनी आधी डबी हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली, वास घेतला.

“हे काय होय जी?”

“थर्मोस्टॅट, काकाजी. खोलीचं तापमान पाहून मशीन चालूबंद करतो.”

“कोनतं मशीन?”

“तिकडे बॉयलर. पाणी गरम होऊन घरभराच्या रेडिएटरमध्ये फिरतं. खोली तापली की हा बॉयलरला थांबवतो.”

“म्हंजे थे लोकं घर तापवते? पैसे देऊन?”

“हो.”

काकाजी बराच वेळ गप्प राहिले. मग वायरमनकडे वळून म्हणाले, “पाह्य बे. अन आपन फुकटात तापून राह्यलो.”

मग चकती पाहिली. “हे तं तीसलेच संपलं.”

“तिकडे वीस-एकवीसवर ठेवतात.”

“अन आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ले ४७.९ झालं व्हतं. मी खांबावर व्हतो त्या दिशी. पक्कड हातात धरवत नव्हती. या डबीले आपला उन्हाळा दिसतच नाही, हे काय सांगन?”

मी समजावलं की खोली तिसाच्या खाली गेली की पंप बंद, वर गेली की चालू, एवढंच आपल्याला हवं आहे. काकाजींनी खर्ऱ्याची चिमूट ओठाखाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “नाही चालनार. थे थंडीतलं यंत्र हाये. उन्हाळ्यात उलटं चालन.”

इथे मी चुकलो. मी हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तरी निभावलं असतं, पण मी विज्ञान सांगायला लागलो. म्हटलं, काकाजी, स्विचला ऋतू नसतो. आत एक दोन धातूंची पट्टी असते, एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि संपर्क जुळतो नाहीतर तुटतो. तिला काय ठाऊक आपण लीड्सला आहोत की मानेवाड्याला? तर काकाजी म्हणाले, “यंत्राचा भरोसा सांगू नका. त्या ५६ वाल्याचं काय झालं?”

आता यावर काय बोलणार! ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बोंब झाली. पुण्यातल्या माझ्या आतेबहिणीनं फोन करून “जिवंत आहेस ना?” विचारलं. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. आम्ही नागपूरकर मात्र त्या बातमीनं जरा खट्टूच झालो होतो. विक्रम गेला हातचा! पानठेल्यावर आजही असे लोक भेटतात जे म्हणतात, सेन्सर बरोबर होता, सरकारनं दाबलं.

तेवढ्यात वायरमननं स्टुलावरून विचारलं, “भाऊ, आतमंधी चार स्क्रू हाये. कोनते घेऊ?” मी म्हटलं, मेहुण्याकडे जोडले होते तेच घे. मेहुण्यानं बापड्यानं मोबाइलवर फोटो काढून आणला होता. एकावर फेज, तिसऱ्यावरून बॉयलरला. इथे बॉयलरच्या जागी पंप. पंखा वेगळ्या बटणावर. झालं. डबी कुठे लावायची? मी वाचलं होतं की जमिनीपासून दीडेक मीटरवर, वाऱ्याच्या झोतापासून आणि उन्हापासून दूर. काकाजी म्हणाले, “याले हवा लागली पाह्यजे, नाही तं कळन कसं?” आणि कूलरच्या अगदी समोर, भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली. वायरमननं फुलीवरच ड्रिल चालवलं. पैसे मी देणार होतो, ऐकलं काकाजींचं.

रात्री अकराला मी चकती तिसावर लावली, पंखा सुरू केला आणि ऐटीत आडवा झालो. पंप लागला नाही. म्हटलं विचार करत असेल, परदेशी आहे. बारा वाजले. ताट्या ठणठणीत कोरड्या, खोलीत भट्टीसारखी हवा. एक वाजला. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तापमान आणखी दोन अंश वाढतं. आम्ही दोघं ओले टॉवेल अंगावर घेऊन पडलो. पहाटे पाचला बाहेरची हवा कुठे जरा निवली, डोळा लागला, आणि भिंतीवर ‘टक्’ वाजलं. पंप सुरू! वाळ्याच्या ताट्यांतून गार हवेचा लोट आला. बायको कुडकुडली, खोली आणखी गार झाली, आणि ती जसजशी गार होत गेली तसतसा तो पंप जास्तच निष्ठेनं चालत राहिला.

तेव्हा अंथरुणात बसून मला उजेड पडला. बरोबरच होतं त्याचं. खोली गार झाली की जोडणी करायची, म्हणजे बॉयलर पेटेल, हेच तर त्याचं काम. त्याला वाटत होतं आपण त्या घराला ऊब देतोय. त्यानं रात्रभर इमानेइतबारे इंग्लंड सांभाळलं.

म्हणजे काकाजी म्हणाले तेच झालं. कारण साफ चुकीचं, निकाल शंभर टक्के बरोबर. कारण तर मी स्वतःच दहा मिनिटं उभं राहून त्यांना सांगितलं होतं, पट्टी कशी वाकते ते. ती कोणत्या बाजूला वाकते, एवढं पाहायचं राहिलं.

काकाजी गच्चीवर मच्छरदाणीत झोपतात. पहाटे पाचला आमचा पंप ऐकून त्यांनी वरूनच आवाज दिला, “चालला का जी उलटा?” गल्लीतल्या बाकीच्या गच्च्यांवरही माणसं झोपतात.

वायरमन परत आला. तिसऱ्या स्क्रूवरची तार काढून चौथ्यावर लावली. खोली तापली की जुळणारा संपर्क तिथे होता. अर्धं मिनिट लागलं. तीनशे रुपये घेतले. मी म्हटलं, आलाच आहेस तर कूलरचं अर्थिंग पाहून दे. पत्र्याची टाकी, आत पाणी, पाण्यात पंप, आणि वर आमचे ओले हात. दर उन्हाळ्यात पेपरात कुणाचं तरी नाव येतं, बहुतेक वेळा पाणी भरणारी बाई नाहीतर लहान पोर. तो म्हणाला, “तिसरी पिन तं हाये ना भाऊ.” पिन आहे. पिनच्या मागे भिंतीत तार आहे की नाही, हे घर बांधणाऱ्यालाच माहीत. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. आज आठ दिवस झाले. डबीसाठी दोन खेपा केल्या, अर्थिंगसाठी फोनही उचलत नाही. मी पाणी भरताना रबरी चप्पल घालतो आणि आधी प्लग काढतो. बायकोलाही तेच सांगितलं आहे. ती म्हणते, एवढी अक्कल होती तर ती डबी कशाला लावली?

आता कूलर सुलटा आहे. पण डबी झोताच्या समोर, त्यामुळे तिला पाच मिनिटांतच गार वाटतं आणि ती पंप बंद करते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आम्ही घामाघूम. मग टक्, चालू. मग टक्, बंद. काल साडेतीनला कोपर आलं, “अहो, त्याचं टक् टक् बंद करा.” उठलो, आणि डबी मधून काढून थेट बटण चालू केलं.

सकाळी काकाजी दारात उभे. म्हणाले, “तुमचा साळा दिवाळीत येनार हाये ना? मलेबी एक आनाले सांगा. पन सुलटा.”

टेस्टर मात्र डबी लावली त्या दिवसापासून त्यांच्याच बनियनला लटकतो आहे. माझा आहे तो.