हातमोजे कधी काढायचे, हे कोण सांगणार?

कारखान्यातील सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘पीपीई घातले आहे का?’ पीपीई म्हणजे हेल्मेट, हातमोजे, मास्क यांसारखी अंगावर घालायची संरक्षक साधने. दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेतली जाते, नवे हेल्मेट आणि नवे हातमोजे वाटले जातात, फोटो काढले जातात. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातील लहानमोठ्या कारखान्यांत बरीच वर्षे वावरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न अपुरा आहे, आणि काही मशीनपाशी तर तो चक्क घातक आहे.

ड्रिलिंग मशीनचेच घ्या. फिरत्या ड्रिलजवळ उघड्या बोटाला ओझरता स्पर्श झाला तर बहुधा कातडी सोलवटण्यावर निभावते. परंतु विणलेल्या सुती मोज्याचा एखादा सुटलेला धागा ड्रिलला किंवा त्याला वेटोळे घालून बसलेल्या लांब चिपला (धातूच्या किसाला) अडकला, तर मोजा बोटासकट ओढला जातो. मशीन ८०० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांनी, चालत असेल, तर सेकंदाला तेरा फेरे होतात आणि दुसरा हात स्टॉपच्या बटणापर्यंत पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून ड्रिल, लेथ यांसारख्या फिरत्या यंत्रांवर मोजे काढून, बाह्या घट्ट बसवून काम करायचे असते आणि चिप काढायची ती मशीन थांबवून, ब्रशने किंवा हुकने. पण तोच कामगार थोड्या वेळाने धारदार कडांचा पत्रा उचलायला गेला, की त्याला चांगल्या दर्जाचे कट-रेझिस्टंट मोजे हवेतच. अशा शॉपच्या, म्हणजे कारखान्यातील विभागाच्या, दारावर ‘येथे हातमोजे सक्तीचे आहेत’ अशी सरसकट पाटी लावणारा माणूस प्रामाणिक असेलही, मात्र त्या दाराच्या आत नेमके काय चालते हे त्याने उभे राहून पाहिलेले नसते. फिरत्या यंत्रापाशी सैल कपडे धोक्याचे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमालाही ठाऊक होते. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे त्यात लिहिलेले होते.

कानातल्या प्लगची गोष्ट याहून फसवी आहे. प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात) दिले जाणारे फोमचे प्लग पाकिटावर ३० डेसिबलपर्यंत संरक्षणाचा दावा करतात. मात्र आठ तासांच्या शिफ्टमध्ये ते चार तास काढून ठेवले, तर दिवसभराच्या हिशेबाने फायदा ३ डेसिबलच्या पुढे जात नाही, कारण ३ डेसिबल कमी होणे म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी होणे, आणि उघड्या कानांनी घेतलेले चार तास हाच दिवसाच्या एकूण माऱ्याचा निम्मा भाग असतो. कामगार प्लग काढतो तो हट्टाने नव्हे. त्याला सुपरवायझरची हाक आणि फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू यायला हवा असतो. शिवाय हा प्लग स्वच्छ बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा असतो. ही कृती प्रत्यक्ष करून दाखवणारा माणूस मला फार क्वचित भेटला आहे. बहुतेकांच्या कानाच्या तोंडाशी तो नुसता टेकवलेला दिसतो, आणि तपासणीच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूण झालेली असते.

मास्कबाबतही असेच. एन-९५ मास्क धूळ अडवतो, पण रंगकामातील थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी मास्कला वेगळे कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, लागते. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला नाही तर हवा फटीतूनच जाते, त्यामुळे सध्याच्या दाढीच्या फॅशनने या उपकरणाचे फार नुकसान केले आहे. सर्वांत वाईट म्हणजे गटाराच्या चेंबरमध्ये किंवा बंद टाकीत उतरणाऱ्याला मास्क देऊन ‘आता काळजी नको’ असे सांगणे. कोणताही फिल्टर हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. हवेतील २०.९ टक्के प्राणवायूचे प्रमाण १९.५ च्या खाली गेले की तिथे बाहेरून हवा पुरवणारे उपकरणच लागते. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास तर प्रमाण वाढल्यावर येईनासाच होतो, म्हणजे वास थांबला तेव्हा माणसाला सुटल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात तो अधिक खोल अडकलेला असतो. पहिल्याला काढायला उतरलेला दुसरा, दुसऱ्याला काढायला उतरलेला तिसरा, अशा बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत.

एवढे असूनही अपघाताच्या अहवालात ‘कामगाराने पीपीई वापरले नव्हते’ हे वाक्य सर्वांत आधी उमटते. मला या वाक्याची चीड आहे. सुरक्षाशास्त्रात पीपीईची पायरी शेवटची आहे. धोका मुळातून काढता येतो का, यंत्राला गार्ड किंवा सेन्सर बसवता येतो का, धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेता येते का, हे आधी पाहायचे. प्रेसला दोन हातांनी चालू होणारे बटण आणि लाइट कर्टन (हात आत येताच यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवायला पैसे लागतात, हातमोज्यांची जोडी स्वस्तात येते, आणि सगळा हिशेब तिथेच ठरतो. त्यातही काही ठेकेदार सेफ्टी शूजचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेतात. कायद्याने पुरवायच्या साधनांसाठी कामगाराकडून शुल्क घेता येणार नाही, असे १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ११४ ने स्पष्ट बजावलेले होते.

खरेदी विभागाबद्दलही बोलायला हवे. एकाच मापाचे पाचशे मोजे स्वस्त पडतात म्हणून आणले जातात आणि असेंब्ली लाइनवरच्या महिलांच्या बोटांच्या टोकाला मोज्याचा पेरभर भाग लोंबत राहतो; बारीक स्क्रू त्यांना धरता येत नाही, मग त्या मोजे काढतात आणि बोलणी खातात. ऑर्डर देण्याआधी दोन-तीन प्रकारांचे आणि मापांचे नमुने आठवडाभर लाइनवर वापरायला द्यावेत आणि वापरणाऱ्यांनी नाकारलेला माल घेऊ नये, एवढी साधी पद्धत ठेवायला कोणत्याही कंपनीला अडचण नसावी. अपघाताच्या छापील फॉर्मवर ‘पीपीई वापरले होते का’ या ओळीखाली ‘त्या कामासाठी ते योग्य होते का, मापाचे होते का, वापरायला कोणी शिकवले होते’ या तीन ओळी छापायलाही हरकत नसावी. फक्त त्या ओळी व्यवस्थापनाने स्वतःच्या सहीने भरायच्या.