‘थेट कोर्टात जा, फी माफ होते’ : व्हॉट्सअ‍ॅपवरचा अर्धवट सल्ला

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत ले-ऑफ सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरतो : ‘नोकरीत भेदभाव झाला? थेट फेडरल कोर्टात जा. फी माफ होते, वकील कोर्टच देतं. एच-वन-बीवाल्यांना (म्हणजे वर्क व्हिसावर आलेल्यांना) मात्र हा कायदा नाही.’

‘थेट’ हा शब्दच घातक. वंश, धर्म, लिंग किंवा मूळ देशावरून झालेल्या भेदभावासाठी 1964च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सेव्हन या भागाखाली आधी ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे, तक्रार, म्हणजे ‘चार्ज’, नोंदवावा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत. मुदत भेदभाव झाल्यापासून 180 दिवस. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियासारखी राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300. एचआरकडे तक्रार चालू आहे म्हणून हे दिवस थांबत नाहीत आणि बहुतेक जण इथेच फसतात. पुढे ईईओसीचं ‘राइट टू सू’, म्हणजे आता कोर्टात जाता येईल असं सांगणारं, पत्र मिळाल्यावर दाव्याला 90 दिवस. वंशभेदाचा दावा 1866च्या जुन्या कायद्याखाली चार्जशिवाय करता येतो, हे खरं. पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते असेल असं वाटत नाही.

काही जण सुप्रीम कोर्टाच्या 2019च्या फोर्ट बेंड निकालाचा दाखला देतात. त्यात फोर्ट बेंड काउंटी प्रतिवादी होती. तिथे कोर्टाने चार्जची अट रद्द केली नाही. प्रतिवादीने तो आक्षेप वेळेत घ्यायला हवा, एवढंच म्हटलं. त्या काउंटीला तो काही वर्षांनी सुचला. कंपनीचा वकील इतका विसरभोळा निघेल या भरवशावर कोण बसणार?

फेडरल कोर्टात दावा लावायची फी 405 डॉलर. माफीसाठी उत्पन्न, बचत, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. अगदी कफल्लक असायची गरज नाही, पण चांगली शिल्लक असलेल्याने आशा धरू नये. शिवाय माफी मागितली की दाव्यात दम आहे का, हे न्यायाधीश स्वतःहून तपासतात. नसेल तर कंपनीला समन्स जाण्याआधीच तो निकाली निघू शकतो.

वकील ‘देतं’ नव्हे, देऊ शकतं. आणि क्वचितच देतं. बाल्डविन काउंटी खटल्यातल्या बाईंनी राइट टू सू पत्रच कोर्टाला पाठवून वकील मागितला. खरा दावा दाखल झाला 130व्या दिवशी. 1984 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं : पत्र म्हणजे दावा नव्हे, मुदत संपली.

एच-वन-बीवाल्यांबद्दलचं विधान तर साफ खोटं. अमेरिकेत काम करणाऱ्या परदेशी नागरिकालाही टायटल सेव्हनचं संरक्षण आहे. अडचण वेगळी आहे : नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत केवळ दावा लावल्याने वाढत नाही.