प्रोसेसरवर पॅड लावण्याआधी त्याची जाडी बघा

कॉम्प्युटर तापतोय असं कुणी म्हटलं की हल्ली एक ठरलेला सल्ला पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा: थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा कूलर यांच्यामध्ये लावायचा मलमासारखा लेप) वर्षभरात सुकते, दर वर्षी बदलावी लागते; त्यापेक्षा त्याच कामाची मऊ चकती म्हणजे थर्मल पॅड आणा, मापात कापा, कूलरखाली बसवा आणि विसरून जा. पाकिटावरचा आकडा जितका मोठा, तितका प्रोसेसर थंड. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे येतोच. बाकी सल्ला जसाच्या तसा पाळला तर धडधाकट प्रोसेसर विनाकारण तापत राहील, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी तो आकडा. वॅट प्रति मीटर-केल्विन असं जे छापलेलं असतं, त्यातून पदार्थ उष्णता किती चांगली वाहून नेतो एवढंच कळतं. उष्णतेला त्या पदार्थातून किती अंतर कापायचंय हे त्यात येत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक खाचखळगे असतात. त्यांत हवा अडकते, आणि हवेचा हाच आकडा जेमतेम 0.026 आहे. पेस्टने ती हवा हुसकावायची, बस. म्हणूनच नीट दाबलेल्या पेस्टचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका पातळ असतो. दुकानात सहज मिळणारा सिलिकोनचा पॅड मात्र अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत जाड असतो.

हिशेब करून बघा. झाकण 9 चौरस सेंटिमीटरचं आणि उष्णता 100 वॅट धरू. 5 आकड्याची साधी पेस्ट 0.05 मिलिमीटर जाडीची लावली, तर थराच्या दोन बाजूंच्या तापमानात साधारण 1 अंशाचा फरक पडतो. 12 आकड्याचा महागडा पॅड 1 मिलिमीटर जाडीचा घेतला, तर तोच फरक 9 अंशांच्या वर जातो. पॅड दाबाने थोडा चेपतो हे धरूनही पेस्टची बरोबरी होत नाही. शिवाय उष्णता झाकणभर सारखी पसरत नाही, खालच्या चिपच्या डोक्यावरच एकवटते, त्यामुळे प्रत्यक्षात पॅड याहूनही मागे पडतो. लॅपटॉपमध्ये तर झाकणच नसतं. 2 चौरस सेंटिमीटरच्या उघड्या चिपमधून 45 वॅट निघत असतील आणि वर 6 आकड्याचा 1 मिलिमीटरचा पॅड असेल, तर नुसत्या पॅडमुळे 37 अंशांची भर पडते. असा लॅपटॉप जीव वाचवायला वेग कमी करणारच, आणि दोष बिचाऱ्या पंख्याला दिला जातो.

दर वर्षी पेस्ट बदलायची हे कुठून आलं, हे मला खरंच उमगत नाही. आर्क्टिक कंपनी आपल्या एमएक्स-4 पेस्टचं आयुष्य 8 वर्षं सांगते. कंपनीचा दावा म्हणून निम्मं धरा, तरी डेस्कटॉपला चार वर्षं बघायला नको. लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. चिप तापते-निवते तशी फुगते आणि आकसते, त्यात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. तिथे ती लवकर बदलावी लागू शकते, पण कॅलेंडर बघून नव्हे. तेच काम चालवून तापमान नोंदवा, त्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि जुन्या नोंदीशी ताडून बघा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात प्रोसेसर जानेवारीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त दिसला, तर ती खोलीची उष्णता आहे. आणि कूलर उघडण्याआधी त्याच्या पात्यांतली धूळ काढा.

आता ती अर्धी खरी गोष्ट. न सुकणारे पॅड असतात, पण ते सिलिकोनचे नव्हेत. एक ग्रॅफाइटचा: कागदासारखा पातळ, पुन्हा वापरता येतो. थर्मल ग्रिझली ही कंपनी आपल्या कार्बोनॉट या ग्रॅफाइट पॅडचा आकडा 62.5 सांगते आणि क्रायोनॉट पेस्टचा 12.5, म्हणजे पाचपट. तरी तो पेस्टपेक्षा पाचपट थंड ठेवत नाही, कारण घट्ट शीट खाचांत पेस्टसारखी उतरत नाही. आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे तुकडा बाजूच्या सुट्या भागांवर सरकला तर शॉर्ट होण्याची भीती असते. दुसरा हनीवेल कंपनीचा पीटीएम7950. तो पॅडसारखा चिकटवायचा, पण साधारण 45 अंशांना मऊ होऊन दाबाखाली पातळ पसरतो, म्हणजे वागतो पेस्टसारखाच. तो कडेला सहजासहजी सरकत नाही, म्हणून लॅपटॉपसाठी मला तोच सगळ्यांत पटतो. पण कूलर काढला की तो नवा लावावा लागतो, तेव्हा ‘विसरून जा’ इथेही लागू नाही.

सिलिकोनच्या पॅडची जागा वेगळी आहे: ग्राफिक्स कार्डाच्या मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याचे मॉसफेट, म्हणजे वीज नियंत्रित करणारे छोटे भाग. तिथे हीटसिंकपर्यंत, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत, मुद्दाम फट ठेवलेली असते आणि ती पेस्टने भरून निघत नाही. तिथेही जाडी चुकवू नका. पॅड हवा त्यापेक्षा जाड झाला तर हीटसिंक उचलला जातो आणि मुख्य चिपवर नीट टेकतच नाही. जुना पॅड चेपलेला असतो, त्यामुळे त्याची जाडी मोजून नवा मागवला तर तो कमी पडू शकतो. कार्डाच्या नेमक्या मॉडेलसाठी मूळ जाडी किती आहे ते शोधून मगच मागवा.