बत्तीस मिनिटांचा वाद : ‘एरिक द व्हायकिंग’वरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एरिक द व्हायकिंग’वरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा आधी सांगतो. टेरी जोन्स यांचा हा विनोदपट १९८९ साली प्रदर्शित झाला तेव्हा त्याची लांबी १०७ मिनिटे होती. २००६ मध्ये डीव्हीडीसाठी त्यांचा मुलगा बिल जोन्स याने त्याचे नव्याने संकलन केले आणि तो ७५ मिनिटांवर आणला. ‘ही छोटी आवृत्ती हाच खरा चित्रपट’ असे वाक्य मी लेखात लिहिले होते, आणि आपला राग मुख्यतः त्या वाक्यावर आहे. आपले म्हणणे असे की, एकदा पडद्यावर आलेला चित्रपट प्रेक्षकांचा होतो आणि सतरा वर्षांनी घरच्या माणसाने त्याला कात्री लावणे ही इतिहासाशी केलेली लबाडी आहे. या चित्रपटाची गंमत त्याच्या रेंगाळण्यातच आहे. आणि ज्या समीक्षकांना तो मुळी कळलाच नाही, त्यांच्या नादी लागून मी मूळ आवृत्तीला कमी लेखले.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो लवकर निकालात निघतो. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटाला एकही तारा दिला नव्हता, हे मी लिहिले ते माहिती म्हणून. त्यांच्या मताशी मी तेव्हाही सहमत नव्हतो आणि आताही नाही. लूटमारीवर वाढलेल्या एका व्हायकिंग तरुणाला ऐन धाडीच्या वेळी ‘एवढेच का आयुष्य?’ असा प्रश्न पडतो, आणि त्यापायी तो जगाच्या कडेपर्यंत जाऊन देवांना जागे करायला निघतो, ही कल्पना शून्य तारे देण्यासारखी खचितच नाही. माझी तक्रार कल्पनेबद्दल नव्हती. ती पडद्यावर किती वेळ आणि कशी मांडली गेली, याबद्दल होती.

आता रेंगाळण्याबद्दल. गलबतावर कोणी कुठे बसायचे यावरून होणाऱ्या भांडणाचा दाखला आपण दिलात. लांडग्याने सूर्य गिळला आहे, रॅग्नरोकचे, म्हणजे उत्तरेकडच्या देवकथांतल्या विनाशाचे युग चालू आहे, मोहीम निघायची आहे, आणि ही दांडगी माणसे वल्ह्यांच्या बाकांवर एसटीत जागेवरून हुज्जत घालावी तशी हुज्जत घालत बसली आहेत. हा प्रसंग लांबतो म्हणूनच हसू येते, हे मला पूर्ण मान्य आहे. एकदा जागा बदलली तर विनोद होत नाही. चौथ्यांदा बदलावी लागते तेव्हा तो होतो. परंतु याच प्रसंगाने माझा मुद्दाही सिद्ध होतो, असे मला वाटते. असा जाणूनबुजून लांबवलेला प्रसंग खुलायचा असेल, तर त्याच्या आगेमागे चित्रपट चपळ असावा लागतो. मूळ आवृत्तीत प्रवासाचे आणि धुक्याचे प्रसंगही त्याच संथ गतीने चालतात, त्यामुळे कुठला संथपणा विनोदासाठी आहे आणि कुठला केवळ राहून गेला आहे, हे प्रेक्षकाला उमगत नाही. गायकाने ठाय लयीत जागा घेणे वेगळे आणि तबलजी उशिरा आला म्हणून खोळंबणे वेगळे.

याच्या उलट उदाहरण हाय-ब्राझील बेटाचे. आयर्लंडच्या पश्चिमेला धुक्यात दडलेले हे बेट चौदाव्या शतकापासून युरोपीय नकाशांवर काढले जात होते आणि ते कधीच कोणाला सापडले नाही. दंतकथेतली ही जागा उत्तरेकडच्या देवकथांच्या गोष्टीत आणून बसवणे, ही मध्ययुगाचा अभ्यास असलेल्या जोन्स यांनाच सुचावी अशी गोष्ट. चित्रपटात या बेटावर रक्त सांडले तर ते बुडेल असा शाप आहे. रक्त सांडते. बेट बुडू लागते. तिथला राजा आर्नल्फ, म्हणजे स्वतः जोन्स, लोकांना हसऱ्या चेहऱ्याने सांगत राहतो की काहीही घडत नाही, घाबरायचे कारण नाही. पाणी घोट्यापर्यंत येते, कमरेपर्यंत येते, शब्दशः गळ्याशी येते, तरी त्याच्या सुरात फरक पडत नाही आणि प्रजाही माना डोलावत त्याच्याबरोबर खाली जाते. हा प्रसंग मी दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ पाहिला. दोन्हींत तो उत्तमच आहे, पण छोट्या आवृत्तीत आपण तिथे पोहोचतो तेव्हा थकलेले नसतो. माझ्या पसंतीचे कारण एवढेच आहे. त्यात तत्त्वाचा भाग फारसा नाही.

जॉन क्लीझ यांच्या काळ्या हाफदानबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या, ही आपली तक्रार रास्त आहे. नॉर्वेच्या इतिहासात या नावाचा राजा नवव्या शतकात होऊन गेला. चित्रपटातला हाफदान मात्र एखाद्या कंटाळलेल्या मामलेदारासारखा आहे. याची कातडी सोला, त्याला फासावर चढवा, असे हुकूम तो इतक्या सभ्य, दप्तरी आवाजात देतो की क्रौर्य आणि कारकुनी यांतला फरकच उरत नाही. क्लीझ यांना अशा भूमिकेसाठी वेळ लागत नाही. तीन मिनिटांत ते काम करून जातात. म्हणूनच त्यांच्याविषयी लांबीचा वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि मीही तिथे भरभर पुढे गेलो.

मुख्य प्रश्न हक्काचा. ‘घरच्या माणसाने कात्री लावली’ असे आपण म्हणता, पण ती कोणाच्या सांगण्यावरून लावली हेही पाहिले पाहिजे. प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून मूळ संकलन घाईत उरकले गेले होते आणि त्याबद्दल टेरी जोन्स स्वतःच असमाधानी होते. नवे संकलन त्यांच्याच इच्छेने झाले. त्यात नुसती काटछाट नाही. काही प्रसंगांचा क्रम बदलला आहे, ध्वनी नव्याने मिसळला आहे आणि काही ठिकाणी आवाजही पुन्हा मुद्रित केले आहेत. या आवृत्तीला त्यांनी दिलेले नावही पाहण्यासारखे आहे : ‘डिरेक्टर्स सन्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाच्या चिरंजीवांची आवृत्ती. दिग्दर्शकाच्या आवृत्त्यांचे पेव फुटले असताना ज्या माणसाने त्या पेवाचीच थट्टा नावात करून ठेवली, त्याच्यावर लबाडीचा आरोप करणे मला जड जाते. शिवाय याला एक हळवी बाजू आहे. जोन्स यांनी १९८३ मध्ये एरिकच्या साहसांचे मुलांसाठी जे पुस्तक लिहिले (चित्रपटाची कथा त्याहून अगदीच निराळी आहे), ते मुळात याच बिलसाठी लिहिले होते. ज्या मुलासाठी वडिलांनी एरिक रचला, त्यानेच मोठेपणी एरिकचा चित्रपट नीट बसवून दिला.

मात्र आपल्या आक्षेपातला एक भाग मला आठवडाभर टोचत राहिला, आणि तिथे मी माघार घेतो. ‘स्टार वॉर्स’च्या १९९७ च्या फेरफार केलेल्या आवृत्त्यांनी मूळ चित्रपट कसे दुर्मीळ करून टाकले, हे आपण लिहिलेत. निर्मात्याला आपली कृती बदलण्याचा हक्क असला, तरी आधीची कृती नाहीशी करण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. एखाद्याने १९८९ मध्ये चित्रपटगृहात बसून या १०७ मिनिटांवर प्रेम केले असेल, तर त्याच्या हातात ७५ मिनिटे ठेवून ‘हेच खरे’ असे सांगणे उद्धटपणाचे आहे. मी नेमके तेच केले होते. दोन आवृत्त्यांतली एक मला अधिक आवडते, एवढेच म्हणण्याचा मला अधिकार होता.

एका मुद्द्यावर मात्र आपले जुळणार नाही. सुरुवातीच्या धाडीच्या प्रसंगाला मी ‘न पचणारा’ म्हटले, त्यावर आपण ‘तो त्या काळचा विनोद’ असे उत्तर दिलेत. एरिक हेल्गाच्या झोपडीत शिरतो तो बळजबरी करण्यासाठी. त्याला ते जमत नाही, दोघांत अवघडलेले संभाषण सुरू होते, आणि तिच्यावर चालून आलेल्या आपल्याच साथीदारांना मारताना त्याच्या तलवारीने तीही मरते. तिच्या मृत्यूचे शल्य हेच पुढच्या सगळ्या कथेचे इंजिन आहे. म्हणजे ज्या बाईच्या दुःखावर चित्रपट उभा आहे, तिच्याशी आपली ओळख होते ती बलात्काराविषयीच्या टोमण्यांमधून. समंथा बाँड यांनी तेवढ्या वेळात हेल्गाला शहाणपण आणि धार दोन्ही दिले आहे, म्हणून तर तो प्रसंग अधिकच खटकतो. इथे काळाचा प्रश्न नाही. प्रेक्षकाने हसावे की हळहळावे, याचा निर्णय लेखणीने घेतलेला नाही, आणि जे लेखणीने सोडले ते संकलकाच्या टेबलावर भरून काढता येत नाही. म्हणूनच छोट्या आवृत्तीतही ही फट तशीच राहते. माझ्या पसंतीच्या आवृत्तीची ही उणीव मी मूळ लेखात सांगायला हवी होती.

आपण हॅराल्डची आठवण काढलीत, त्यामुळे जाता जाता तेही. फ्रेडी जोन्स यांनी केलेला हा ख्रिस्ती धर्मप्रसारक देवांच्या नगरीत पोहोचतो, पण त्याचा त्या देवांवर विश्वास नसल्यामुळे त्याला तिथले काहीच दिसत नाही आणि तो भिंतींतून आरपार चालत जातो. बाकीचे सारे अडकलेले असताना जादूचे शिंग फुंकून त्यांना घरी पोहोचवतो तो हाच. श्रद्धा आणि अश्रद्धा या दोघांनाही एकाच वेळी कामाला लावणारा इतका साधा विनोद मी क्वचितच पाहिला आहे, आणि त्यावर माझ्या लेखात एक अक्षरही नव्हते. ती चूक १०७ मिनिटांची नव्हे, माझी.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. ‘खरा चित्रपट’ हे शब्द काढून ‘मला अधिक भावलेली आवृत्ती’ असे लिहिले आहे, आणि हॅराल्डवर एक परिच्छेद वाढवला आहे. जुने वाक्य खोडले आहे, पण पुसलेले नाही. आडव्या रेघेखाली ते कोणालाही वाचता येईल.