सम्राटाची कापलेली बाही आणि आपला आक्षेप

नमस्कार.

चिनी संस्कृतीतील समलिंगी प्रेमाच्या इतिहासावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपण लिहिता की, ज्या कथांना मी प्रेमाचा पुरावा मानले त्या राजे आणि त्यांच्या मर्जीतल्या माणसांच्या कथा असून त्यांत सत्ता आहे, प्रेम नाही; शिवाय ‘समलैंगिकता’ ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवर लादली आहे. यांपैकी पहिला मुद्दा मला अर्धा मान्य आहे.

इ. स. पूर्व ७ ते १ या काळात राज्य केलेला चीनच्या हान घराण्यातील सम्राट आय आणि त्याच्या मर्जीतला तरुण दोंग शियान यांची हकिकत इतिहासकार बान गूने ज्या प्रकरणात दिली, त्याचे शीर्षकच ‘मर्जीतल्या खुशमस्कऱ्यांची चरित्रे’ अशा अर्थाचे आहे. दोंग शियानला अवघ्या बाविसाव्या वर्षी महासेनापतिपद मिळाले, त्याच्या बहिणीला अंतःपुरात मानाचे स्थान मिळाले, आणि राज्यही त्यालाच द्यावे असे सम्राट भर मेजवानीत बोलून गेला. सम्राट वारताच वांग मांग या बलाढ्य दरबाऱ्याने दोंग शियानचे पद काढून घेतले आणि त्याच दिवशी दोंग शियानने व त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. बान गूला हा सारा कारभार मुळीच पसंत नव्हता. तरीही वामकुक्षीच्या वेळी दोंग शियान सम्राटाच्या बाहीवर झोपला असता, त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राट बाही कापून उठला, हा प्रसंग सांगून झाल्यावर तोच बान गू लिहितो की, त्यांचे प्रेम या थराला पोहोचले होते. स्तुतिपाठकाने असे लिहिले असते तर मीही ते बाजूला ठेवले असते. येथे तो शब्द प्रतिकूल साक्षीदाराच्या तोंडून आला आहे, म्हणून मी त्याला वजन देतो. त्याचा राग पदांच्या खैरातीवर आहे. दोघेही पुरुष होते, यावर त्याने आक्षेप घेतलेला नाही. मर्जीतल्या माणसाने स्वतः अर्धवट खाल्लेले पीच हे फळ राजाला दिले, त्या गोष्टीबाबत मात्र आपलेच खरे: प्राचीन चिनी विचारवंत हान फेइने ती राजाची मर्जी कशी फिरते हे दाखवण्यासाठी सांगितली आहे, आणि मी तिच्यावर जरा जास्तच भार टाकला होता.

शब्द आधुनिक आहे, हे निर्विवाद. ‘समलिंगी प्रेम’ या अर्थाचा आजचा चिनी शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी जपानीमार्गे आला. दोंग शियान विवाहित होता आणि त्याने स्वतःला आजच्या कोणत्याही नावाने ओळखले नसते. परंतु नाव बाहेरून आले म्हणजे वस्तूही बाहेरून आली, असे होत नाही. पान ग्वांगदान या समाजशास्त्रज्ञाने युद्धकाळात नैर्ऋत्य चीनमधील कुनमिंगमध्ये इंग्रज लैंगिकताशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिसच्या लैंगिक मानसशास्त्रावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर केले, ते १९४६ साली प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या परिशिष्टात त्याने जुन्या चिनी ग्रंथांतील अशी उदाहरणे गोळा केली. (त्याच वर्षांत मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते, हे सहज आठवले.)

दरबाराबाहेरचा पुरावा कोठे आहे, हा आपला प्रश्न सर्वांत चांगला. मिंग घराण्याच्या काळातील लेखक शन दफूने फूजियान या आग्नेय किनाऱ्यावरील प्रांतातील पुरुषांच्या मानलेल्या थोरल्या-धाकट्या भावांच्या जोड्यांची नोंद केली आहे. चिंग राजवटीने १७४० साली परस्परसंमतीने होणाऱ्या पुरुषसंबंधालाही शंभर फटके आणि महिनाभर गळ्यात लाकडी खोडा अशी शिक्षा ठरवली, आणि त्या काळच्या न्यायालयीन कागदपत्रांत गरीब, बेघर, मजूर पुरुष दिसतात; त्यांच्यापाशी देण्यासारखी पदे नव्हती.

असे संशोधन प्रसिद्ध करून संस्कृतीची बदनामी होते, या आपल्या शेवटच्या वाक्याबद्दल एवढेच सांगतो: चीनमधील समलिंगी प्रेमाचा इतिहास श्याओमिंगश्योंग या टोपणनावाच्या लेखकाने १९८४ साली हाँगकाँगमध्ये छापला, तेव्हा तेथे ब्रिटिशांनी आणलेल्या कायद्यानुसार पुरुषांमधील असा संबंध गुन्हा होता, आणि तो १९९१ पर्यंत गुन्हाच राहिला. बाहेरून आलेल्या गोष्टींची यादी करायची असेल तर हा कायदाही तीत धरावा लागेल.

मूळ लेखात ‘जुन्या चीनमध्ये याला सर्वत्र मान्यता होती’ असे एक वाक्य होते. १७४० च्या कायद्यापुढे ते टिकत नाही. ते मी आज काढून टाकले असून त्या जागी कायद्याचा उल्लेख घातला आहे.